खालचा सूर

१० फेब्रुवारी १९६३, रविवार

नोरीन म्हणते, ही डायरी मी पंधरा दिवसांत सोडून देईन. म्हणूनच लिहायला घेतली. तिचं खरं होऊ देणार नाही.

काल क्लबात गायलो. आमच्या कॅल्डरशॉच्या क्लबात गायचं म्हणजे काय, हे ज्याला माहीत नाही त्याने सुखी राहावं. दुसरं गाणं ऐन रंगात आलं होतं, तेवढ्यात हॅरल्ड सेक्रेटरीने नोरीनच्या हातातून माइक काढून घेतला. "मंडळी, मटण पाई आल्यात. गरम आहेत तोवर घ्या. मुली काय, थांबतील." मुली थांबल्या. मंडळी बोटं चाटत परत आली, तेव्हा आम्ही त्याच ओळीपासून पुढे गायलो.

मागे बारपाशी एक उंची कोटवाला माणूस दोस्ताशी बोलत होता. मी स्टेजवरून सगळं वाचलं. "उंच आहे तिचा आवाज चांगलाय. बुटकी तोंडाळ दिसते. पण दोघी मिळून खपतील." बुटकी म्हणजे मी. गाणं संपल्यावर सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "तोंडाळ आहेच मी. पुढे बोला." तो गार पडला. एवढ्या लांबून ऐकलंस कसं, म्हणाला. नोरीन हसत सुटली. "साहेब, ही कापडगिरणीच्या साचेखात्यातली विणकरीण आहे. इथल्या बायकांसमोर रस्त्यापलीकडून पण कुणाची निंदा करू नका."

मग त्याला सगळं समजावून सांगावं लागलं. शेकडो माग एकदम चालतात तिथे आरडाओरडा करून उपयोग नाही, म्हणून आम्ही नुसत्या ओठांनी बोलतो, त्याला मी-मॉ म्हणतो, वगैरे. त्याचं नाव सिड मार्लो. मँचेस्टरचा आहे, गाणाऱ्यांची कामं बघतो. असं जोडीने गायला कुणी शिकवलं, असं त्याने विचारलं. कुणी शिकवणार? आमचे माग समोरासमोर. नोरीन वरचा सूर गायची, मी तिच्या तोंडाकडे बघून खालचा सूर गळ्यात धरायची. ऐकू तर काहीच यायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत अंगणात जाऊन गाऊन बघायचं, जुळतंय का. जुळायचंच.

२३ फेब्रुवारी

सिड मार्लो चहाला आला. नळ अजून गोठलेलेच आहेत. बाबांनी शेजारून बादलीने पाणी आणलं आणि आईने ठेवणीतले कप काढले. तो साखर ढवळत होता तोवर आई त्याच्या डोक्यावरून मला म्हणाली, "कोट भाड्याचा आहे गं." मी म्हटलं, "आई, गप." त्या बिचाऱ्याला पत्ता नाही.

आई अजून साचेखात्यात कामाला जाते, मागांच्या आवाजाने तिचे कान तिशीतच गेले. तेव्हापासून आमच्या घरात ओठांनीच बोलतात. बाबा पोस्टमन आहेत, त्यांचे कान शाबूत, चॅपेलच्या भजनमंडळात खर्ज लावतात. पण घरात पाऊल टाकलं की त्यांचाही आवाज बंद. नोरीन म्हणते, "तुमच्याकडे आलं की टीव्हीचं बटण कुणीतरी फिरवल्यासारखं वाटतं."

सिड म्हणाला, जोडीचं नाव 'द हॉलिन सिस्टर्स' ठेवायचं. बाबा म्हणाले, "पण ह्या बहिणी नाहीत." तो म्हणाला, "मिस्टर हिंडल, लंडनला तपासायला कोण बसलंय?" बाबांना ते पटलं नाही. पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी त्याला आणखी चहा ओतला.

३ मे, शुक्रवार

गिरणीतला शेवटचा दिवस. लग्न ठरलेल्या मुलीला सजवतात तसं बायकांनी आम्हाला सजवलं. चिंध्यांच्या माळा, कागदी फुलं, कमरेला सुताच्या रिकाम्या कांड्या. तशाच अवतारात बसस्टॉपपर्यंत वाजतगाजत नेलं. आँटी आयडा माझी शिक्षिका, तिनेच मला मागावर उभं केलं. ती म्हणाली, "तिकडची माणसं गोड बोलतात, नीट बघून घे." मी म्हटलं, "बघण्यातच तर आपण हुशार." नोरीन बसमध्ये घळाघळा रडली. मी नाही रडले.

२१ जून, लंडन

लंडनच्या माणसांना ओठ हलवायचा आळस आहे. सगळे पुटपुटतात. रेकॉर्डिंगचे साहेब मिस्टर पेनरोज यांना तर ओठांवर झुबकेदार मिशी. मिशीवाल्या माणसांचा मला पहिल्यापासून राग आहे.

आज आमची पहिली रेकॉर्ड झाली. 'पुलापाशी थांब'. गाणं गोड आहे. आम्हाला काचेच्या खोलीत उभं केलं, कानांवर जाड टोप्या चढवल्या. मला त्या टोप्यांनी गुदमरल्यासारखं होत होतं. पेनरोजसाहेबांनी पुन्हा पुन्हा थांबवलं, नोरीनकडे बघून काहीबाही सांगितलं, मग मिशी वर करून मला म्हणाले, "मिस हिंडल, तुमचं काम उत्तम झालं. तुम्ही जाऊन चहा घ्या." इतक्यात झालं! नोरीनला मात्र संध्याकाळपर्यंत डांबून ठेवलं.

मुक्कामाच्या खोलीवर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी म्हटलं, "वरचा सूर चुकत होता का गं?" ती म्हणाली, "हो, चुकत होता." बिचारी. मी तिच्यासाठी मासा आणि बटाटे आणून ठेवले होते, त्याला तिने हातही लावला नाही.

११ ऑगस्ट, रविवार

रेकॉर्ड घेऊन घरी आले. अख्खी गल्ली आमच्या बैठकीत. आईने रेडिओग्रामवर तळवा ठेवला, तिला लाकडातून कळतं. तिने मला डोळा मारला. आँटी आयडाने टाळ्या वाजवल्या. बाकीचे जरा गप्पच. शेजारचा मिस्टर क्लेग म्हणाला, "छान आहे हं, छान आहे," आणि टोपी घेऊन निघाला. आपल्या गावात कुणाचं बरं झालेलं बघवत नाही, हे मला आधीच माहीत होतं.

बाबांनी पुन्हा लावायला सांगितली. मान खाली घालून पेटीजवळ बसून ऐकली. मी विचारलं, "कशी झालीय?" ते म्हणाले, "नोरीनचा आवाज फार गोड लागलाय." मी म्हटलं, "आणि माझा?" ते म्हणाले, "मी जरा पाय मोकळे करून येतो." तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं का मी? स्वतःच्या मुलीचं कौतुक करताना जीभ जड होते त्यांची, नेहमीचंच आहे.

नोरीन आली नाही. डोकं दुखतंय असा निरोप पाठवला. एवढ्या आनंदाच्या दिवशी!

८ ऑक्टोबर

रेकॉर्ड सातव्या नंबरावर! पेपरात फोटो. रस्त्यात मुली ओळखतात. काल टीव्हीवर गेलो. तिथे गायचं नसतंच मुळी. ते रेकॉर्ड लावतात आणि आपण नुसते ओठ हलवायचे. मी नोरीनला म्हटलं, "अगं, ओठ हलवायचा आपला खानदानी धंदा!" एवढी हसली की पावडर पुन्हा लावावी लागली. पुष्कळ दिवसांनी हसली.

१५ फेब्रुवारी १९६४

दौरा. आज इथे, उद्या तिथे, बसमध्ये झोप, थंड सॉसेज. पण थिएटरात पोरीबाळी एवढ्या किंचाळतात की बाजावाल्यांना बाजा ऐकू येत नाही. बाकीचे गवई वैतागतात. मला मात्र साचेखात्यात उभी असल्यासारखं घरगुती वाटतं. तळपायातून ढोल कळतो, समोर नोरीनचं तोंड, गळ्यात आपला सूर. मला आणखी काय हवं?

एकच तक्रार. नोरीनला नवीन खोड लागलीय. प्रत्येक ओळ सुरू होताना माझ्या कमरेला चिमटा घेते. हात धरून वर-खाली दाबते. मी काय टांग्याचं घोडं आहे? आज रागवले. ती म्हणाली, "सवय लागली गं. सोडेन." सोडत नाही.

२० मे

आज जे कळलं ते लिहूनच ठेवते.

दुपारी रिकाम्या थिएटरात वीजवाल्याच्या पेटीपाशी उभी होते. दोन माइक, दोन दिवे. नोरीनचा दिवा लागला, माझा नाही. मी म्हटलं, "माझा बिघडलाय." तो ओशाळला. "बिघडला नाही, मिस. तुमचा बंदच ठेवायचा असतो. मिस ग्रिमशॉने सांगितलंय. दौरा सुरू झाल्यापासून."

मिस ग्रिमशॉ म्हणजे नोरीनच. दौरा सुरू झाल्यापासून! म्हणजे एवढे महिने मी भर स्टेजवर बाहुलीसारखी तोंड उघडत होते आणि लोकांना एकटी नोरीन ऐकू जात होती. जिच्याबरोबर एका डब्यातलं खाल्लं तिने हे करावं?

तिला विचारलं नाही. विचारलं की ती गोड बोलून सारवासारव करणार आणि मी विरघळणार. मला ते नको आहे. पण चिमटा घेतला तेव्हा तिचा हात झिडकारला. खेळ संपेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती.

१७ नोव्हेंबर

पुन्हा तोच स्टुडिओ. आज पेनरोजसाहेबांनी मला आत बोलावलंच नाही. "आधी मिस ग्रिमशॉचं होऊ दे." मी बाहेर बाकावर बसले.

काचेपलीकडे सिड आणि नोरीन. नोरीनची पाठ माझ्याकडे. मुद्दाम. मी वाचते हे तिला नाही तर कुणाला माहीत असणार? पण सिडचं तोंड समोर होतं. तो म्हणत होता, "रेकॉर्डमध्ये काय फरक पडणार आहे?" मग नोरीन काहीतरी बोलली. तो म्हणाला, "मग एकटीचं नाव लावू. मी कधीचा सांगतोय." नोरीनने नाही म्हणून मान हलवली. तेव्हा तो म्हणाला, "बरं, मग सांग तिला. तूच सांग... अगं, असं किती दिवस ओढणार?" नोरीनने पुन्हा मान हलवली. शेवटी तो म्हणाला, "तुला सांगवत नसेल तर मी सांगतो," तशी तिने त्याचा कोट दोन्ही हातांनी धरला.

आता काही शंका उरली नाही. मला काढणार आहेत. फक्त कधी, एवढंच ठरायचंय. घाई तिला नाही, कारण आधी नाव अजून मोठं होऊ द्यायचंय. मी बाकावर बसून राहिले. उठून आत जावं आणि दोघांना खडसावावं असं वाटत होतं. पण काय बोलणार होते? माझ्याशिवाय गाऊ नका? जन्मात ज्या थेल्मा हिंडलचं तोंड कधी बंद झालं नाही, ती तिथे मुकाट बसून होती.

२ मार्च १९६५

नोरीन म्हणाली, "थेल्मा, आपण एकदा डॉक्टरकडे जाऊन येऊ." मी म्हटलं, "तुला काय झालं?" ती म्हणाली, "मला काही नाही." हल्ली आमच्यात एवढंच बोलणं होतं.

१३ जुलै, ब्लॅकपूल

आमच्या गावच्या गिरण्या उन्हाळी सुट्टीसाठी एकाच आठवड्यात बंद होतात, आणि अख्खं गाव ब्लॅकपूलला येऊन घरची भांडणं समुद्राकाठी करतं. हा तो आठवडा. धक्क्यावरच्या थिएटरात महिनाभर आमचा खेळ आहे, आणि आज समोर सगळं कॅल्डरशॉ. पुढच्या रांगेत आई, बाबा, आँटी आयडा, साचेखात्यातल्या सगळ्या म्हाताऱ्या.

मी आधीच वीजवाल्याला गाठलं होतं. "आज माझं गाव बसलंय. माझा माइक चालू राहिला पाहिजे." तो म्हणाला, "पण मिस ग्रिमशॉ..." मी म्हटलं, "मिस ग्रिमशॉला मी बघते. दिवा लागलेला दिसला नाही तर तिथेच गाणं थांबवीन." दिवा लागला.

मी आज गळा मोकळा सोडून गायले. वर्षभराचं सगळं आत साठलं होतं ते बाहेर काढलं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या हात वर करून टाळ्या पिटत होत्या, आँटी आयडा तर उभीच राहिली. मागच्या रांगांतले लोक मात्र एकमेकांकडे बघायला लागले. एक बाई तोंडाला रुमाल लावून हसत होती. बँडमास्तरने माझ्याकडे पाहिलं, मग नोरीनकडे. मीही पाहिलं. नोरीनचा सूर सुटला होता! तिच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. ती खाली यायची, वर जायची, पुन्हा खाली यायची, काही सापडेना तिला. दुसऱ्या कडव्यात तर रडवेली झाली. मी अजिबात हलले नाही. माझा सूर घट्ट धरून शेवटपर्यंत गायले.

बाबा टाळ्या वाजवत नव्हते. मांडीवरच्या टोपीकडे बघत होते. तिच्यासाठी वाईट वाटलं असेल त्यांना.

१४ जुलै

पेपरात आलंय. 'हॉलिन सिस्टर्सचा सूर हरवला.' नोरीनने स्वतःच त्यांना सांगितलं, "चूक माझी, माझा घसा बसला होता." निदान कबूल तरी केलं.

खेळाआधी कपडे बदलायच्या खोलीत मी तोंड उघडलंच. "माझा माइक बंद ठेवत होतीस ना? काल उघडा होता. कळलं आता गातं कोण ते?" तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी थांबले नाही. सिडचं काढलं, एकटीच्या नावाचं काढलं, तिला तोंडावर चोर म्हटलं. तिने शेजारचा टॉवेल घेतला, त्यात तोंड लपवलं आणि बसून राहिली. बराच वेळ. खांदे हलत होते.

मग टॉवेल खाली केला आणि माझ्याकडे बघत राहिली, कशाची तरी वाट बघितल्यासारखी.

मी म्हटलं, "काय?"

"मी आत्ता काय म्हटलं?"

"काही नाही. रडत होतीस."

"रडत नव्हते. तुला हाका मारत होते, थेल्मा. मोठमोठ्याने. बाजूच्या खोलीतला जादूगार दारात येऊन बघून गेला."

दार उघडं होतं खरं. पण मला असले डाव कळतात. टॉवेलात तोंड खुपसून बोलायचं आणि मग म्हणायचं, तुला ऐकू आलं नाही! टॉवेलातलं कुणाला ऐकू येतं? तसं तिला सांगितलं. तशी ती खुर्चीवरून खाली फरशीवर बसली, नव्या चंदेरी झग्यासकट. "मला नाही होत गं आता," म्हणाली. "मी थकले."

"मग नको करूस," मी म्हटलं आणि बॅग उचलली. सिड जिन्यात आडवा आला, त्याला ढकलून उतरले. गाडीत बसेपर्यंत डोळ्यांतून टिपूस काढला नाही. प्रेस्टनला गाडी बदलताना मात्र फलाटावर उभी राहून हमसून हमसून रडले. संपलं सगळं.

९ ऑगस्ट, सोमवार

पुन्हा गिरणीत. जुना माग मिळाला. समोरच्या मागावर आता कुणी आयरीन नावाची मुलगी आहे. मी आले त्या दिवशी दोन-तीन बायका टोमणे मारून गेल्या, "काय राणीसरकार, मुकुट कुठे ठेवलात?" नंतर सोडून दिलं त्यांनी. खोटं कशाला बोलू, इथे बरं वाटतं. इथे कुणी पुटपुटत नाही.

घरी रेडिओग्राम उघडला नाही. आयरीन काम करताना गाते. मी तिच्या तोंडाकडे बघत नाही.

३ सप्टेंबर, शुक्रवार

आज नोरीन साचेखात्यात आली.

मुकादमाने कसं सोडलं देव जाणे. साधा कोट, डोक्याला रुमाल, चेहऱ्यावर पावडर नाही. पूर्वी कामाला यायची तशी. मागांच्या मधल्या गल्लीत येऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "थेल्मा, आधी सगळं ऐक. मग हवं ते कर."

मी डोळे मिटून घेतले.

साचेखात्यात कुणाच्या तोंडावर दार आपटायचं तर असंच. मागावर हात ठेवून, डोळे गच्च मिटून उभी राहिले. मनात म्हटलं, बोल आता, किती बोलायचं ते. काचेआड पाठ करून बोलत होतीस ना? घे. हाताखाली माग धडधडत होता. एक धागा तुटल्याचं बोटांना कळलं तरी डोळे उघडले नाहीत.

बऱ्याच वेळाने वाटलं, गेली असेल. उघडून पाहिलं तर ती अजून बोलतच होती. माझ्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघून, सावकाश, ओठ मोठे करून, एकेक शब्द सुटा. गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत आलेलं. मी पाहते आहे हे दिसल्यावर ती थांबली. फक्त शेवटचं वाचता आलं. "बस्, एवढंच." मग वळली आणि गेली.

चांगली जिरवली. तरी दिवसभर घास का उतरला नाही, कुणास ठाऊक.

५ सप्टेंबर, रविवार

आजच्या पेपरात आहे. नोरीन ग्रिमशॉ साउथॅम्प्टनहून बोटीने ऑस्ट्रेलियाला रवाना. दोन वर्षांचा करार. फोटोत हात हलवते आहे. मी बाबांना म्हटलं, "सुंठीवाचून खोकला गेला." त्यांनी पेपर घडी करून ठेवला.

आज चॅपेलहून आल्यावर माझ्यातला राग पुन्हा उसळला. म्हटलं, एकदा बाबांना दाखवूनच देते. 'पुलापाशी थांब' काढली, तबकडी ठेवली, सुई टेकवली. "ऐका बाबा. आता येईल. हे बघा, इथे, हा माझा सूर. किती स्वच्छ आहे! हाच दाबून टाकला तिने स्टेजवर." तबकडी फिरत होती. मी बोटाने ताल धरला होता. प्रत्येक वळण मला लख्ख ऐकू येत होतं.

बाबांनी माझा हात धरला. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मग त्यांनी दुसऱ्या हाताने आवाजाच्या बटणाकडे बोट दाखवलं.

"बाळा, ते मी मघाशीच पूर्ण बंद केलंय."

मी बटणाकडे बघितलं. तबकडीकडे बघितलं. ती फिरतच होती, आणि डोक्यातलं गाणंही थांबत नव्हतं.

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. त्या रेकॉर्डवर मी नाहीच. दोन्ही सूर नोरीनचे आहेत. बाबांना पहिल्या दिवशीच कळलं, गल्लीला कळलं. नोरीन दुसऱ्या दिवशी पोस्टात त्यांना भेटायला गेली होती. म्हणाली, "तिला सांगू नका, कळलं तर ती गाणंच सोडेल. मी सांभाळून घेईन." मी ओरडले, "आणि तुम्ही ऐकलंत तिचं?" ते म्हणाले, "तुझ्या आईचे कान गेले तेव्हा तिला मीच सांगितलं होतं. वर्षभर माझ्याशी बोलली नाही. पुन्हा तेच करायची हिंमत झाली नाही, थेल्मा. चुकलो मी."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण ते लहान मुलासारखे रडायला लागले, मग मी तरी काय करणार? पेटी बंद केली. मागच्या खोलीत आई बटाटे सोलत होती. तिला काही कळलं नव्हतं.

रात्रभर एकच गोष्ट डोक्यात. शुक्रवारी काय बोलत होती ती?

६ सप्टेंबर, सोमवार

सकाळी गिरणीत पोचल्या पोचल्या आँटी आयडाला गाठलं. "शुक्रवारी नोरीन काय म्हणाली मला?" ती बघतच राहिली. "मला काय ठाऊक? तुझ्याशी बोलत होती ना?" मी म्हटलं, "अगं, तू चार हातांवर होतीस. वाचलं असशील." ती चिडली. "दुसऱ्याचं बोलणं वाचत नसतात. हे तुला मी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. ती तोंड उघडायला लागली तशी मी पाठ फिरवली."

आयरीनला विचारलं. तिने पाठ फिरवली होती. पलीकडच्या दोघींना विचारलं, मुकादमाला विचारलं. सगळ्यांनी. पुरी गल्लीच्या गल्ली आमच्याकडे पाठ करून उभी होती म्हणे. साचेखात्यात एकांत द्यायची दुसरी रीत नाही.

ऑस्ट्रेलियाला पत्र लिहिता येईल. पण काय लिहू? तू जे बोललीस ते पुन्हा सांग? ज्या बाईचा चेहरा मी बघितलाच नाही, तिने तो चेहरा पत्रात घालून पाठवायचा? आणि तिने का सांगावं?

जेवणाच्या सुट्टीत अंगणात आईला विचारलं. ती भिंतीला टेकून सँडविच खात होती.

"मीसुद्धा पाठ फिरवली," आई म्हणाली. "जाताना माझ्याजवळून गेली ती. डोळे पुसत होती. मला वाटलं, चला, दोघी रडल्या, मिटलं एकदाचं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! काय म्हणाली गं?"

मी म्हटलं, "आई, मी डोळे मिटले होते."

तिने सँडविच खाली ठेवलं. माझ्याकडे बघत राहिली. मग भोंगा झाला असावा, कारण सगळ्या बायका आत जायला निघाल्या.